झाड माती खातं, तर वावर खोल का होत नाही?

चिखलपाय | मंगळवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचते आहे, आज पहिला धागा काढते. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सातव्या सत्रात आमचं 'रावे' असतं, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. कॉलेज सोडून गावात राहायचं, शेतकऱ्यांबरोबर काम करायचं, रोजची डायरी लिहायची. पेपरात 'कृषिकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक' अशी बातमी आणि खाली ओळीने उभ्या मुली दिसतात ना, त्या आम्ही. सहा जणी आहोत, परभणी जिल्ह्यातल्या एका गावात.

गेल्या शुक्रवारी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला एकत्र बसवून 'माती आणि पिकांची वाढ' घेतलं. रात्र जागून चार्ट केला होता. १७ अन्नद्रव्यं, प्रत्येकाचं काम, कमतरतेची लक्षणं, रंगीत चित्रं. नत्र (नायट्रोजन) बरं गेलं. स्फुरदाला (फॉस्फरस) मागची रांग फुली-गोळा खेळायला लागली. पालाशपर्यंत (पोटॅश) पोचले तेव्हा एक मुलगी चक्क झोपली होती.

मग सहावीतला एक मुलगा उठला. "ताई, झाड मातीतूनच खातं ना? मग आमचं वावर खोल का नाही झालं? आज्याच्या आज्यापासून पेरतोय की आम्ही."

सगळे हसले. मी म्हटलं, झाड माती खात नाही, मातीतली अन्नद्रव्यं घेतं. तो म्हणाला, "म्हंजे मातीतलंच ना." मी प्रकाशसंश्लेषण म्हटलं. तो खाली बसला, पण पटलं नाही हे तोंडावर दिसत होतं. खरं सांगू का, रात्री डायरी लिहिताना कळलं की मलाही ते नीट पटलेलं नाही. नववीपासून ते समीकरण मार्कांसाठी लिहिते आहे. शाळेच्या दारातल्या लिंबाच्या खोडाचं एवढं वजन आलं कुठून, असा विचार कधी केलाच नव्हता.

पुढच्या गुरुवारी पुन्हा दोन तास मिळालेत. पैसे आमच्याच खिशातले, त्यामुळे फार सामान नको. काय करू?

काडीलावू | रात्री ११.०५

पहिला प्रश्न. बॅनर धरायला किती जणी लागल्या आणि ऐकायला किती पोरं होती?

दरवर्षी तुम्ही येता, शोषखड्डा दाखवता, फोटो काढता, सरपंचाची सही घेता आणि जाता. आमच्या गावात एकाच घरासमोर तीन वर्षांत तीन बॅचनी शोषखड्डा खणलाय. चौथ्या वर्षी पाणी लागेल बहुतेक.

चिखलपाय | रात्री ११.२०

@काडीलावू, बॅनर भिंतीला लावला होता, तो मध्येच पडला. हजेरी ४१. शोषखड्ड्याचं खरं आहे, आमचाही झालाय.

बरडवाला | बुधवार, सकाळी ६.१०

ताई, पोराला म्हणावं वावर खोल होतंय. बघायला चल.

कुठलाही जुना बांध घ्या, उताराला आडवा असलेला. वरच्या अंगाला उभं राहिलं तर बांध गुडघ्याला लागतो. खालच्या अंगाला उतरलात तर तोच बांध कमरेला, कुठं छातीला. आमच्या आज्यानं घातला तेव्हा दोन्हीकडं सारखा होता. वरच्या वावरातली माती बांधाला येऊन साचली, खालच्या वावरातली पुढं वाहून गेली. म्हणजे खोल होतंय, पण खाणारा वेगळा आहे. झाड नाही खात, पाऊस नेतो. झाड उलट धरून ठेवतंय.

पोराचा प्रश्न बरोबर आहे, त्यानं चोर चुकीचा धरलाय एवढंच.

पाटीपेन्सिल | सकाळी ७.३२

जिल्हा परिषद शाळेत २३ वर्षं झाली. तीन गोष्टी सांगतो, रागवू नका.

चार्ट शाळेला देऊन या. भिंतीचे पोपडे झाकायला उपयोगी पडतो.

उत्तर आधी सांगू नका. तुम्ही 'माती खात नाही' म्हणालात तिथेच तास संपला. त्याऐवजी फळ्यावर लिहायचं, 'झाडाचं वजन कुठून येतं?' आणि हात वर करून मतं घ्यायची. माती किती, पाणी किती, खत किती, ऊन किती. आकडे तसेच राहू द्यायचे. मग पोरं स्वतःच्या मतासाठी भांडतात, आणि भांडण लागलं की झोप कुणाला येत नाही.

तिसरी गोष्ट, सुरुवात त्यांच्याकडे आहे तिथून करा. मी एकदा विचारलं होतं, आपल्या शिवारात माती किती प्रकारची? पुस्तकात चार-पाच नावं होती. पोरांनी काळी, बरड, मुरमाड, चुनखडीची, चोपण, चिबड, पोयट्याची, गाळाची अशी फळाभर नावं सांगितली. एकीने 'पांढरी' सांगितली तर बाकीचे हसले. हसायचं नव्हतं, ती बरोबर होती. गावठाणाची जमीन ती पांढरी आणि पिकाची ती काळी, हे जुन्या कागदपत्रांतले शब्द आहेत. तिने आजीकडून ऐकले होते. त्या दिवशी मीच शिकलो.

गॅलरीतली मिरची | सकाळी ९.१५

पुण्यातली फ्लॅटवाली आहे, शेतीतलं काही कळत नाही, तरी नाक खुपसते. माझ्या कुंडीतली माती मात्र खरंच कमी होते! दोन वर्षांपूर्वी काठोकाठ भरली होती, आता चार बोटं खाली गेलीय. मिरचीनेच खाल्ली ना मग?

नमुना नं. ४७ | सकाळी ११.४८

निवृत्त माणूस आहे, नोकरी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत गेली. या धाग्यावर गप्प बसणं जमणार नाही.

या मुलाचा प्रश्न जवळपास पावणेचारशे वर्षं जुना आहे. आजच्या बेल्जियमातला यान बाप्टिस्टा व्हॅन हेलमाँट नावाचा डॉक्टर होता. त्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती मोठ्या कुंडीत भरली, तीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. धूळ पडू नये म्हणून वर भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकणही घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं १६९ पौंड. चार पानझडींत गळलेली पानं त्यात धरलेली नाहीत. माती पुन्हा वाळवून तोलली तर २०० पौंडांत जेमतेम २ औंस कमी. आपल्या मापात, झाड सुमारे ७५ किलोंनी वाढलं आणि माती ५७ ग्रॅम घटली. हे १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापून आलं.

त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं. तो चुकला, पण अर्धाच. हवेकडे त्याचं लक्ष गेलं नाही. गंमत म्हणजे लाकूड जाळल्यावर निघणाऱ्या वायूचा अभ्यास करणाराही हाच माणूस. उत्तर हातात होतं, जोडलं गेलं नाही. पुढे १७७९ मध्ये यान इंगेनहाउसने दाखवलं की झाडाचा हिरवा भागच हवा शुद्ध करतो आणि तेही उजेडातच. वाळलेल्या झाडाच्या वजनात शंभरातले साधारण पंचाण्णव भाग कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन असतात, म्हणजे हवा आणि पाणी. मातीतून येतात ते उरलेले.

@चिखलपाय, पाच वर्षं तुमच्याकडे नाहीत. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, आहेत का? किलोभर वाळक्या तुराट्या तोला, स्वच्छ पत्र्यावर पूर्ण जाळा, राख तोला. राख म्हणजे झाडाने मातीतून उचललेला ऐवज: चुना, पालाश, मॅग्नेशियम, थोडं स्फुरद. बाकी जे धुरावाटे गेलं ते बहुतेक हवेतून आलेलं हवेत परत. मुलांनी चुलीतली राख रोज पाहिलेली असते. फक्त हा हिशोब त्यांना कुणी मांडून दाखवलेला नसतो.

@गॅलरीतली मिरची, तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे. तुमच्या कुंडीत माती कमी आणि कोकोपीट, शेणखत, पालापाचोळा जास्त असणार. तो मिरचीने खाल्ला नाही, मातीतल्या जिवाणूंनी खाल्ला. त्यांनी श्वास सोडला तो वायू होऊन उडून गेला. थोडं दबलं, थोडं खालच्या भोकातून वाहिलं. मुरमाड मातीची कुंडी अशी बसत नाही.

गॅलरीतली मिरची | दुपारी १२.०३

म्हणजे मी गॅलरीत दोन वर्षं जिवाणूंना जेवू घालतेय आणि मिरच्या आल्या सात. असो. छान समजावलंत काका.

काडीलावू | दुपारी १२.३०

नमुनाकाका, एक शंका. युरिया कशाला टाकतो आपण मग? नत्र मातीतूनच जातं ना? आणि ते राखेत कुठाय?

नमुना नं. ४७ | दुपारी १.१०

काडी योग्य जागी लावलीत. नत्र बहुतेक पिकं मातीतूनच घेतात, पण जाळताना ते उडून जातं, राखेत सापडत नाही. म्हणून 'राख म्हणजे मातीचा सगळा वाटा' असं मुलांना सांगू नका, 'बराचसा' म्हणा. याच कारणाने शेतात धसकटं, पाचट जाळलं की नत्र हातचं जातं.

बरडवाला | दुपारी १.४५

पोरं लगेच विचारतील बघा, एवढुसंच लागतं तर खत कशाला? त्यांना विचारा, भाजीत मीठ किती लागतं? किलोभर भाजीला दोन चमचे. ते घालायचं राहिलं तर ताट सरकवता का नाही?

आणि ताई, वाफसा शिकवा. पुस्तकात 'मातीतील हवा व पाण्याचे संतुलन' असं काहीतरी लिहितात. आमच्यात एकच शब्द आहे. मूठभर माती घ्यायची, लाडू वळायचा, छातीएवढ्या उंचीवरनं सोडायचा. चिखलासारखा चपटा झाला तर ओल जास्त. लाडू वळलाच नाही तर ओल कमी. पडून भुगा झाला तर वाफसा, घाला पेरणीची पाभर. सहावीच्या पोराला हे येतच असतंय. तुमच्यातल्या दोघींना येतं का, ते बघा आधी.

चिखलपाय | दुपारी ३.२२

काका, सहा जणींत मलाच येतं, तेही आमच्या घरी कोरडवाहू आहे म्हणून. एकजण मुंबईची आहे, तिने जूनमध्ये पहिल्यांदा पाभर पाहिली.

माजी कृषिदूत | दुपारी ४.०८

अकरा वर्षांपूर्वी रावे केलं, आता बँकेत पीककर्जं बघतो. आठवणी जाग्या झाल्या. ग्रामसभेत आम्ही रांगोळीने गावाचा नकाशा काढला होता, मध्येच शेळ्या आल्या आणि निम्मं गाव घेऊन गेल्या.

शाळेत आम्हीही रायझोबियमवर, म्हणजे मुळांच्या गाठींतल्या जिवाणूंवर, भाषण ठोकलं. कुणाला काही कळलं नाही, आम्हालाही फारसं नाही. मग एका सोबत्याने शेजारच्या वावरातून सोयाबीनची चार झाडं मुळासकट आणली, बादलीत मुळं धुतली आणि गाठी ब्लेडने कापून दाखवल्या. आत मटणासारखा गुलाबी रंग! पोरं अंगावर चढली. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा चुलतभाऊ त्या गाठीत असतो, म्हणून तो रंग. गुलाबी म्हणजे गाठ कामावर आहे, हवेतलं नत्र पकडते आहे. हिरवट किंवा मातकट म्हणजे रिटायर. आत्ता सोयाबीन शेंगांत असेल, लवकर करा, दाणे भरत आले की गाठी म्हाताऱ्या होतात.

झाडं उपटण्याआधी मालकाला विचारा. आम्ही विचारलं नव्हतं. पुढचं सांगत नाही. आणि ब्लेड तुमच्याच हातात राहू द्या.

जांभा | रात्री ८.५०

सिंधुदुर्गातून हात वर. इथे एक प्राथमिक शाळा सांभाळतो. तुमची पोरं माती म्हणजे काळी समजत असतील तशी आमची लाल समजतात. गेल्या वर्षी सातवीतल्या एकाने विचारलं, "गुरुजी, काळी माती जळकी असते काय?" त्याने ती फक्त टीव्हीवर, उसाच्या शेतात पाहिलेली.

म्हणून एक सुचवतो. मी तुम्हाला दोन किलो लाल माती पाठवतो, तुम्ही मला काळी पाठवा. दोन्हीकडे एकच प्रयोग करायचा. पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर कपड्याची पावडर, पाच मिनिटं जोरात हलवायचं आणि खिडकीत ठेवायचं. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत आणि चिकणमातीला दिवसचे दिवस लागतात. पट्टीने थर मोजायचे.

दगडाचं बोलायचं तर बऱ्याच ठिकाणी दोघांचा आजा एकच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. तुमच्याकडे कमी पावसात त्याची काळी चिकण माती झाली. आमच्याकडे धो धो पावसाने चुना वगैरे धुऊन नेला, लोह मागे राहिलं आणि गंजलं, म्हणून लाल.

गॅलरीतली मिरची | रात्री ९.०२

हे भारी आहे! जास्वंदीच्या पाण्याचा प्रयोगही करा ना, आम्ल-आम्लारी ओळखायचा. मुलीच्या शाळेत हळदीचा कागद करून घेतला होता.

नमुना नं. ४७ | रात्री १०.१५

हळदीच्या कागदाने फसगत होईल. हळद लाल व्हायला सामू (पीएच) साडेआठच्या पुढे लागतो. परभणीकडच्या बऱ्याचशा काळ्या जमिनी त्याच्या अलीकडेच असतात, म्हणजे कागद पिवळाच राहणार आणि मुलं म्हणणार प्रयोग फसला. चोपण जमीन असेल तर गोष्ट वेगळी. जास्वंद बरी, पण रंगातला फरक हलका असतो. शेजारी एका पेल्यात लिंबू आणि एकात खायचा चुना घालून ठेवा, म्हणजे तुलना करता येईल.

चुनखडी बघायची असेल तर वावरातले पांढरे खडे फोडून त्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतात. प्रयोगशाळेत आम्ही यासाठी आम्ल वापरतो. शाळेत आम्लही नको आणि संडास धुवायची बाटली तर मुळीच नको. हे लिहावं लागतं, कारण एका ठिकाणी मी ती पाहिलेली आहे.

चिखलपाय | पुढचा शुक्रवार, रात्री ९.३०

मंडळी, काल तास झाला. दोनाचे साडेतीन झाले, मधली सुट्टी पोरांनीच नाकारली. सविस्तर लिहिते, लांबण लागेल.

बॅनर नेला नाही. (काडीलावूंना सादर.) पाटीपेन्सिल सरांच्या सांगण्याप्रमाणे फळ्यावर प्रश्न लिहून मतं घेतली. माती २२, पाणी ९, खत ७, ऊन ३. हवेला शून्य. आमच्यातल्या मुंबईकर मैत्रिणीने हळूच मला विचारलं, "उत्तर हवाच आहे ना गं?"

आधी बांध. शाळेमागच्या वावरातल्या काकांना विचारून गेलो. पोरांनीच मोजपट्टी धरली. वरच्या अंगाला बांध ४० सेंटीमीटर, खालच्या अंगाला १ मीटर १०. प्रश्न विचारणारा मुलगा खाली उभा राहून बांधाकडे बघत बसला. मग म्हणाला, "ही आमची माती तिकडं कुणाच्या वावरात गेली?" त्याला ओढ्याकडे बोट दाखवलं. ओढा त्या दिवशी चहाच्या रंगाचा वाहत होता. वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

मग तुराट्या. शाळेत पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा काटा आहे, तिथल्या सरांनी तो दिला. २ किलो तुराट्या तोलल्या. पहिली गडबड इथेच झाली. आदल्या रात्री पाऊस होता, तुराट्या ओल्या. नुसता धूर. पाचवीची पोरं खोकायला लागली, स्वयंपाकीण ताई ओरडत आल्या, मग त्यांनीच घरून कोरड्या तुराट्या आणून पद्धतशीर रचून पेटवल्या. नव्याने २ किलो तोलल्या. राख निवेपर्यंत पोरांना अंदाज लिहायला लावला. बहुतेकांनी अर्धा किलो लिहिलं. निघाली ७० ग्रॅम. काट्यावर कुणाचा विश्वास बसेना, तीन वेळा तोलायला लावली.

"बाकीचं कुठं गेलं?" मी विचारलं. सगळ्यांनी वर बघितलं. एक मुलगी म्हणाली, "धूर झाला." मग मी विचारलं, धूर होऊन जिथे गेलं तिथूनच आलं असेल तर? वर्गात कुणी काही बोललं नाही. मग एकदम सगळे बोलायला लागले. मिठाचं उदाहरण वापरलं, बरडवाला काका, चाललं. एक पोरगा म्हणाला, आमच्या घरी मीठ जास्त झालं तरी ताट सरकवतात. युरियाबद्दल याहून चांगलं वाक्य मला चार वर्षांत कुणी सांगितलं नाही.

गाठींचं ठरल्याप्रमाणे झालं. ब्लेड माझ्याच हातात होतं. एका झाडाच्या गाठी आतून गुलाबी, दुसऱ्याच्या पांढुरक्या निघाल्या. का, ते मला नीट सांगता आलं नाही. 'मला माहीत नाही, बघून सांगते' असं वर्गात म्हणाले. सर नंतर म्हणाले, आज तू शिकवलंस.

वाफशाचा लाडू मात्र आम्ही हरलो. मुंबईकरणीचा लाडू चपटा झाला, पोरांनी तिला गुण दिले दहापैकी दोन.

जाताना प्रश्नकर्ता थांबला. म्हणाला, "ताई, मग हवा कमी होत नाही का?"

बरडवाला | रात्री ९.५१

हे पोरगं तुम्हाला सोडत नाही.

नमुना नं. ४७ | रात्री १०.२०

पांढुरक्या गाठी म्हणजे आत पोचलेले जिवाणू कामाचे नसणं, किंवा गाठ अजून कोवळी असणं. त्या झाडाच्या ओळीत पाणी साचत होतं का तेही बघा, चिबड जागेत गाठी धड होत नाहीत.

हवेचा प्रश्न अवघड आणि सुंदर आहे. झाडाला लागणारा कार्बन डायऑक्साइड हवेत दहा हजार भागांत चारच भाग असतो. तो संपत नाही, कारण आपण, बैल, चूल, सडणारा पाला आणि मिरचीताईंचे जिवाणू सगळे तो परत सोडत असतात. हल्ली परतावा काढल्यापेक्षा जास्त होतोय, ती निराळी कहाणी. मुलाला एवढंच विचारा, "काल जाळलेल्या तुराट्या आता कुठे असतील?"

पाटीपेन्सिल | रात्री १०.४४

नवरात्र जवळ आलंय, एक सोपं सुचवतो. घटातलं धान पिवळं का असतं, हे पोरांना विचारा. घरोघरी देवघराच्या कोपऱ्यात अंधारात उगवतं, दसऱ्याला टोपीत खोवतात, सगळ्यांनी पाहिलेलं असतं. घरच्या घटाला हात लावायचा नाही, घट हलवलेला आजीला चालत नाही. शाळेत चहाच्या कपांत वेगळे दाणे टाका. निम्मे खिडकीत, निम्मे कपाटात.

नमुना नं. ४७ | रात्री ११.०२

गुरुजी, उत्तम. त्यात भर घालतो. माती नको, ओला कापूस नको, सुती फडकं घ्या, म्हणजे मुळं सहज सुटतील. प्रत्येक कपात मोजून शंभर दाणे गव्हाचे. नऊ दिवसांनी मुळासकट उन्हात कडक वाळवून तोला. तुलनेसाठी आणखी शंभर दाणे न भिजवता तसेच वाळवून तोला, कारण दाण्यातही पाणी असतं. तांदळाच्या काट्यावर हे जमणार नाही, बारीक काटा शोधा.

चिखलपाय | दसऱ्यानंतरचा सोमवार, रात्री ८.१५

धागा वर काढते आहे.

नऊ दिवसांनी कपाटातले गहू वीतभर उंच, पिवळे आणि लुळे. खिडकीतले बुटके, हिरवे, ताठ. मी विचारलं, वजन कुणाचं जास्त भरेल? जवळजवळ सगळ्यांनी उंच असलेल्यांना मत दिलं. प्रश्नकर्त्याने मत दिलं नाही. म्हणाला, "आधी तोला."

बारीक काटा गावात एकाकडेच आहे. आज दुपारी तीन पुड्या घेऊन, मागे अकरा पोरं घेऊन, सोनाराच्या दुकानात गेलो. त्यांनी पुड्यांकडे बघून विचारलं, "मोड आणलीय का?"

"हो काका," मुंबईकरीण म्हणाली, "गव्हाची."

बिचाऱ्यांनी हसून काटा पुसून दिला. नुसते दाणे ३.६ ग्रॅम. अंधारातले २.९. खिडकीतले ४.१. प्रश्नकर्ता काट्याच्या काचेला नाक लावून उभा होता. अंधारातली पुडी त्याने दुसऱ्यांदा तोलायला लावली, आकडा तोच आला. "उंच झाला आन् हलका झाला," तो म्हणाला. "घरचंच खाल्लं त्यानं."

@जांभा, तुमचं एसटीचं पार्सल शनिवारी आलं. पिशवी एका कोपऱ्यात फुटली होती, माझी रावेची डायरी सगळी लाल झालीय. आमची काळी माती उद्या टाकते. खाली चिठ्ठीही आहे, पोरांनी लिहिलेली. त्यात विचारलंय की तुमच्याकडे वाफसा कसा बघतात.